ग्रंथालय सेवकांचं प्रशिक्षण, परीक्षा आणि बातम्या : ठाणे-नवी मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यापासून बेलापूरपर्यंत आणि तिकडे कल्याण-डोंबिवलीपर्यंत सार्वजनिक ग्रंथालयांत काम करणारे सेवक भेटले की काही प्रश्न हमखास निघतात. कुणी फोनवर विचारतं, कुणी ग्रंथोत्सवात गाठून विचारतं. तेच प्रश्न इथं त्यांच्याच शब्दांत दिले आहेत, फक्त नावं गाळली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मी बारावी झाले आहे. तीन वर्षं पुस्तकांच्या देवघेवीला बसते, पण ग्रंथालयाचं शिक्षण काहीच नाही. सुरुवात कुठून करू?

ग्रंथालय संचालनालयाच्या ग्रंथालय व्यवस्थापन प्रमाणपत्र परीक्षेपासून करा. दहावी उत्तीर्ण असणं पुरेसं आहे, त्यामुळे तुम्ही पात्र आहातच. वर्ग साधारण सहा महिने चालतो. शिकवण्याचं काम जिल्हा ग्रंथालय संघासारख्या संस्था करतात आणि परीक्षा संचालनालय घेतं. प्रवेशाची सूचना निघाली की मुदत फार दिवसांची नसते. म्हणून जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात आत्ताच जाऊन पुढचा वर्ग केव्हा आणि कुठे भरणार ते विचारून ठेवा.

आणखी एक काम आजच करा. कार्यवाहांकडून अनुभवाचं पत्र घ्या. त्यात रुजू झाल्याची तारीख, पदाचं नाव आणि नेमणुकीच्या ठरावाचा क्रमांक असू द्या. अनेक सेवकांची नेमणूक तोंडी झालेली असते. वर्षानुवर्षं काम होतं, कार्यकारिणी बदलते आणि जुन्या सेवेचा कागदच सापडत नाही. पुढच्या प्रत्येक अर्जाला हे पत्र लागणार आहे.

२. या वर्गात शिकवतात काय? रोजच्या कामात त्याचा उपयोग होतो का, की नुसता कागद मिळतो?

उपयोग होतो, आणि तो सगळ्यात जास्त कुठे होतो ते सांगतो. आपल्याकडच्या बऱ्याच ग्रंथालयांत पुस्तकं दाखल क्रमांकाने, म्हणजे ग्रंथालयात आली त्या क्रमाने लावलेली असतात. सोबत कादंबरी, नाटक, चरित्र अशी ढोबळ कपाटं असतात. जुन्या सेवकाला प्रत्येक पुस्तकाची जागा पाठ असते. तो सेवक निवृत्त झाला की वाचकाला नकार मिळू लागतो. पुस्तक कपाटातच असतं, पण सापडत नाही.

वर्गात दशांश वर्गीकरण शिकवतात. मराठी साहित्याला ८९१.४६ हा क्रमांक आहे. त्यात पुढे १ जोडला की कविता, २ जोडला की नाटक, ३ जोडला की कथा-कादंबरी. म्हणजे मराठी कादंबरी ८९१.४६३ वर येते. एकदा हे उमगलं की आरोग्य, शेती, स्पर्धा परीक्षा, इतिहास अशा विषयांची पुस्तकं आपोआप शेजारी शेजारी बसू लागतात आणि पाठांतरावरचा भार उतरतो. त्याशिवाय तालिकीकरण (पुस्तकांची सूची करणं), दाखल नोंदवही, ग्रंथ परिगणन (पुस्तकं मोजून नोंदींशी पडताळणं), नियतकालिकांच्या नोंदी, बाद पुस्तकांची पद्धत आणि ग्रंथालय कायद्याची ओळख हेही असतं. यातला ग्रंथ परिगणनाचा भाग मन लावून शिका. तपासणीच्या वेळी सर्वाधिक अडचण तिथेच येते.

एका बाबतीत मात्र हा वर्ग पुरा पडत नाही. संगणकीकरणाचा सराव हात बसेपर्यंत होत नाही. त्यासाठी प्रश्न ९ पाहा.

३. मी बी.कॉम. आहे. नोकरी न सोडता बी.लिब. करता येईल का? कुठून करू?

येईल. बी.लिब.आय.एस्सी. (बी.लिब.) हा ग्रंथालय आणि माहितीशास्त्राचा, पदवीनंतरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे आणि त्याला कोणत्याही शाखेची पदवी चालते. नोकरी सांभाळून करायचा तर दोन मुक्त विद्यापीठं आहेत. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून सुरू आहे आणि इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, १९८५ पासून. मराठीतून शिकायचं असेल तर नाशिकचं सोयीचं पडतं, कारण अभ्याससाहित्य आपल्या भाषेत असतं. इग्नूचं साहित्य मुख्यतः इंग्रजीत आहे, पण पुढे एम.लिब. (याच विषयातली पदव्युत्तर पदवी) करायचं मनात असेल तर ती भाषा कधी तरी हाताळावीच लागते. पदवीला गुण कमी असले तरी लगेच माघार घेऊ नका. इग्नूच्या पात्रतेत ग्रंथालयातल्या अनुभवाचा विचार होतो. माहितीपुस्तिका वाचून मगच ठरवा.

नियमित वर्गासाठी मुंबई विद्यापीठाचा कालिन्याचा विभाग आहे आणि महिलांसाठी चर्चगेटचं एसएनडीटी विद्यापीठ. शिक्षकांसमोर बसून शिकण्याचा आणि मोठ्या ग्रंथालयात वावरण्याचा फायदा मुक्त विद्यापीठात पूर्ण मिळत नाही. पण ठाण्याहून रोज ये-जा आणि संध्याकाळची देवघेव हे दोन्ही जमणार नसेल, तर मुक्त विद्यापीठ निवडण्यात कमीपणा काहीच नाही.

अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षी त्या अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे का, ते आयोगाच्या यादीत पाहा. अभ्यासकेंद्राच्या माणसाच्या तोंडी आश्वासनावर पैसे भरू नका.

४. एम.ए. चालू आहे. त्याबरोबर बी.लिब. केलं तर पदवी बाद होईल का?

नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायला परवानगी दिली. एक नियमित आणि एक दूरस्थ चालतो, दोन्ही दूरस्थही चालतात. दोन्ही नियमित असतील तर तासांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. परीक्षांच्या तारखा एकाच दिवशी आल्या तर कुणी बदलून देणार नाही, एवढं आधी लक्षात घ्या. संचालनालयाचा प्रमाणपत्र वर्ग पदवी नसल्यामुळे त्याच्या बाबतीत हा प्रश्नच उद्भवत नाही.

५. व्हॉट्सअॅपवर रोज काही ना काही येतं. ‘ग्रंथपालांना वेतनश्रेणी मंजूर’, ‘हजारो पदांची भरती’. खरं काय ते कसं ओळखायचं?

शासनाचा निर्णय खरा असेल तर तो महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णय या विभागात असतो. सार्वजनिक ग्रंथालयं उच्च व तंत्र शिक्षण विभागाखाली येतात, म्हणून तो विभाग निवडून तारखेने शोधा. प्रत्येक निर्णयावर संगणक सांकेतांक छापलेला असतो. फिरत आलेल्या पीडीएफवर तो नसेल किंवा तो टाकून संकेतस्थळावर काहीच सापडत नसेल, तर ती फाइल पुढे पाठवू नका. वर्तमानपत्रात ‘मंत्र्यांचं आश्वासन’ अशी बातमी येणं आणि निर्णय निघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या क्षेत्रात आश्वासनं वर्षानुवर्षं ऐकलेली आहेत. दरवेळी सेवकांच्या घरात आशा निर्माण होते आणि मग ती विरते. म्हणून याबाबत मी कडक आहे. सांकेतांक पाहिल्याशिवाय कुणालाही बातमी देऊ नका.

भरतीचंही तसंच आहे. शासकीय ग्रंथालयांतल्या पदांची जाहिरात संचालनालय काढतं. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याचं पद लोकसेवा आयोगाकडून भरलं जातं. महापालिकेची पदं महापालिकेच्या जाहिरातीत येतात. परीक्षा शुल्क कुणा व्यक्तीच्या खात्यावर मागितलं तर तिथेच थांबा.

नियमित पाहण्यासारख्या चार जागा आहेत. ग्रंथालय संचालनालयाचं संकेतस्थळ, कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानचं संकेतस्थळ, जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाचा सूचना फलक आणि जिल्हा ग्रंथालय संघ. आठवड्यातून एक दिवस ठरवा, म्हणजे रोज मोबाइल उपसावा लागणार नाही.

६. आमचं वाचनालय खारघरला आहे. पत्त्यात नवी मुंबई लिहितो, पण ठाण्याच्या कार्यालयाने परत पाठवलं. असं का?

कारण नवी मुंबई हे नियोजित शहर दोन जिल्ह्यांत पसरलेलं आहे. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूर हा भाग ठाणे जिल्ह्यात येतो. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हा भाग पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात येतो. ग्रंथालयाची मान्यता, अनुदान, तपासणी आणि त्यांच्याबरोबर प्रशिक्षणाची शिफारस हे सगळं जिल्ह्याप्रमाणे चालतं. तुमचं कार्यालय अलिबागचं. पिनकोड किंवा लोकल स्टेशनवर जाऊ नका, सातबारावर किंवा मालमत्ता कराच्या पावतीवर तालुका पाहा.

पालघर भागातल्या सेवकांनाही अशीच अडचण येते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. वसई-विरारच्या जुन्या कागदांवर ठाणे लिहिलेलं असलं तरी आज अर्ज पालघरलाच करायचा.

७. मी महापालिकेच्या वाचनालयात कंत्राटी आहे. हे वर्ग माझ्यासाठी आहेत का?

हो. प्रमाणपत्र परीक्षा आणि विद्यापीठाचे अभ्यासक्रम सगळ्यांना खुले आहेत. फरक पडतो तो रजा, खर्च आणि पुरस्कार यांत. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ खाली मान्यता आणि अनुदान मिळालेली ग्रंथालयं वेगळी आणि महापालिकेने स्वतःच्या अंदाजपत्रकातून चालवलेली वाचनालयं, अभ्यासिका वेगळ्या. तुमच्या सेवाशर्ती महापालिका किंवा तिचा ठेकेदार ठरवतो. परवानगीचा अर्ज ज्या अधिकाऱ्याकडे वाचनालयाचा कारभार आहे त्यांच्याकडे करा आणि प्रत ठेकेदाराला द्या. पोचेचा शिक्का घ्यायला विसरू नका.

तुम्ही केंद्र किंवा राज्य शासनाच्या ग्रंथालयात असाल तर आयगॉट कर्मयोगी या व्यासपीठावरचे अभ्यासक्रमही तुमच्यासाठी असू शकतात. कार्यालयातल्या आस्थापना शाखेला विचारा.

८. कार्यकारिणी म्हणते, ‘शिकून तू दुसरीकडे जाशील, मग आम्ही रजा कशाला देऊ?’ काय उत्तर द्यावं?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ग्रंथपालाची अर्हता हा ग्रंथालयाच्या दर्जाचा भाग आहे. १९७० च्या अनुदान नियमांत ग्रंथालयाच्या वर्गाप्रमाणे (अ सर्वांत वरचा, ड सर्वांत खालचा) सेवकवर्ग आणि त्याची पात्रता अपेक्षित धरलेली आहे. वर्ग जितका वरचा, तितकी अर्हता वरची. म्हणजे सेवक शिकला तर ग्रंथालयाच्या कागदांत एक जमेची बाजू तयार होते. ती त्याच्या एकट्याची राहत नाही. हे कार्यकारिणीला शांतपणे, नियम पुढे ठेवून सांगा. भांडू नका. पदाधिकारी मंडळी बहुतेक ठिकाणी स्वतःचा वेळ देऊन काम करतात आणि त्यांच्याही डोक्यावर जागेचं भाडं, वीजबिल, घटणारे सभासद असतात.

तोंडी विचारू नका, लेखी अर्ज द्या. अर्जात तीन गोष्टी असाव्यात. वर्गाचे दिवस आणि वेळ. त्या वेळेत देवघेव कोण पाहील. शिकून आल्यावर तुम्ही ग्रंथालयात नेमकं काय करून दाखवाल. तिसरी गोष्ट बहुतेक अर्जांत नसते आणि निर्णय बहुधा तिच्यावरच होतो. ‘बालविभागाचं वर्गीकरण दिवाळीपर्यंत पूर्ण करीन’ असं एक ठोस वाक्य पुष्कळ काम करतं.

मंजुरी मिळाली की ती इतिवृत्तात नोंदवून घ्या. मजकूर असा चालेल : ‘ग्रंथालयाचे सेवक श्री./श्रीमती … यांना … या प्रशिक्षण वर्गास उपस्थित राहण्यास परवानगी देण्यात येत आहे. वर्गाचे दिवस कर्तव्यावरील दिवस समजण्यात यावेत. सूचक … , अनुमोदक … , ठराव सर्वानुमते मंजूर.’ हा ठराव नसेल तर पुढे नवी कार्यकारिणी त्या दिवसांचं वेतन कापू शकते.

‘शिकून जाशील’ या भीतीचं काय? काही जण जातात, हे खरं आहे. पण अप्रशिक्षित सेवकही कमी पगारामुळे जातातच. फरक एवढाच की ते जाताना घडी न बसलेली कपाटं मागे ठेवून जातात.

९. आमच्या ग्रंथालयात संगणक येऊन चार वर्षं झाली. तो पत्रं टाइप करायलाच वापरतो. संगणकीकरण कसं शिकू?

आज्ञावली (सॉफ्टवेअर) कोणती घ्यायची हा विचार नंतर करा. आधी मराठी टंकलेखन युनिकोडमध्ये शिका, शक्यतो इनस्क्रिप्ट कळफलकावर. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये भरलेली पुस्तकांची यादी दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा नुसता चिखल दिसतो, आणि शोध घेतला तर काहीच सापडत नाही. ग्रंथालयांनी पैसे मोजून करून घेतलेल्या याद्या अशा वाया गेलेल्या आहेत. युनिकोडमध्ये केलेलं काम एका आज्ञावलीतून दुसरीत नेता येतं.

त्यानंतर नोंदींचा सराव करा. मराठी नावांची गंमत अशी की एकच लेखक तीन-चार प्रकारे लिहिला जातो. आडनाव आधी, नाव आधी, नुसती आद्याक्षरं, मध्ये टिंब किंवा बिनटिंब. संगणकाला ही चार वेगळी माणसं वाटतात. म्हणून सुरुवातीलाच एका वहीत प्रत्येक लेखकाचं एकच प्रमाण रूप ठरवून लिहा आणि सगळ्यांनी तेच वापरा. अनुवादकाचं नाव लेखकाच्या रकान्यात टाकू नका. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांतला फरक पाळा. हे काम संगणकाविना, आज दुपारपासून सुरू करता येतं.

आता आज्ञावली. कोहा ही मुक्त आज्ञावली आहे. ती न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी तयार झाली आणि जानेवारी २००० पासून वापरात आहे. परवान्याचे पैसे लागत नाहीत, पण बसवायला आणि सांभाळायला जाणकार लागतो. ई-ग्रंथालय ही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची आज्ञावली आहे. तुमच्या ग्रंथालयाला ती मिळू शकते का, हे जिल्हा कार्यालयामार्फत विचारा. महाविद्यालयांत सोल नावाची आज्ञावली दिसते. ती गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची आहे आणि मुळात विद्यापीठं-महाविद्यालयांसाठी बनवलेली आहे.

शिकण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे शेजारच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना भेटणं. ठाणे आणि नवी मुंबईत महाविद्यालयं भरपूर आहेत आणि त्यांच्या ग्रंथालयांत संगणकीकरण कधीच झालेलं आहे. ‘तुमच्याकडे आठवड्यातून एक दुपार बसून नोंदी भरू का?’ असं विचारलं तर नकार क्वचित मिळतो. बोस्ला, म्हणजे मुंबईतली विज्ञान ग्रंथपालांची संघटना, कार्यशाळा घेते. तिथे सार्वजनिक ग्रंथालयांचे सेवक अजून कमी दिसतात. ते वाढायला हवेत.

१०. घरबसल्या, फुकट आणि मराठीत असं काही आहे का?

तिन्ही एकत्र मिळणं अवघड आहे. स्वयम् या केंद्र शासनाच्या व्यासपीठावर ग्रंथालय आणि माहितीशास्त्राचे अभ्यासक्रम येतात. शिकणं विनामूल्य असतं, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तरच शुल्क लागतं. भाषा बहुतेक इंग्रजी. आयआयटी खरगपूरने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय विनामूल्य आहे. त्यात मराठी साहित्यही मिळतं आणि ते वापरायला शिकणं हेच एक प्रशिक्षण आहे. वेबजंक्शन हे परदेशी संकेतस्थळ खास सार्वजनिक ग्रंथालयांच्या सेवकांसाठी आहे. तिथली व्याख्यानं विनामूल्य आणि इंग्रजीत असतात. विषय मात्र आपल्या रोजच्या कामातले : चिडलेला वाचक, लहान मुलांची गोष्टीची वेळ, ज्येष्ठांना मोबाइल शिकवणं.

इंग्रजीचा अडसर वाटत असेल तर दोघी-तिघींनी मिळून एक व्याख्यान ऐका आणि त्यावर मराठीत टिपण काढा. ते टिपण संघाच्या बैठकीत वाचून दाखवलंत तर आणखी दहा ग्रंथालयांच्या उपयोगी पडेल.

११. खर्च कुणी करायचा? ग्रंथालयाच्या अनुदानातून फी भरता येते का?

अनुदानातली निम्मी रक्कम वेतनावर आणि निम्मी वेतनेतर बाबींवर खर्च करायची असते. प्रवास किंवा कार्यशाळेचं शुल्क वेतनेतर खर्चात दाखवायचं असेल तर आधी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना विचारा आणि मगच खर्च करा. लेखापरीक्षणात आक्षेप आला तर पैसे परत भरण्याची वेळ येते. विद्यापीठाच्या पदवीची फी ही सहसा सेवकालाच भरावी लागते. काही ग्रंथालयं देणगीदारांकडून त्यासाठी मदत उभी करतात. वर्धापन दिनाच्या खर्चातला थोडा भाग सेवकाच्या फीसाठी ठेवणाऱ्या कार्यकारिणीचं मला मनापासून कौतुक वाटतं.

ग्रंथालय संघाला किंवा मोठ्या ग्रंथालयाला स्वतः कार्यशाळा घ्यायची असेल तर राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानच्या योजनांत चर्चासत्र, कार्यशाळा आणि उजळणी वर्गांसाठी साहाय्याची तरतूद आहे. प्रस्ताव राज्याच्या ग्रंथालय संचालनालयामार्फत जातो. हे प्रतिष्ठान १९७२ चं आहे, तरीही आपल्याकडच्या अनेक सेवकांना ते फक्त पुस्तकांच्या संचापुरतंच माहीत असतं.

१२. एवढं सगळं केल्यावर पगार वाढेल का?

प्रमाणपत्र हाती आलं म्हणून अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयातला पगार आपोआप वाढत नाही. इथले सेवक शासकीय कर्मचारी नाहीत. त्यांचं वेतन कार्यकारिणी अनुदानाच्या मर्यादेत ठरवते. ड वर्गाचं वार्षिक अनुदान बरीच वर्षं ३०,००० रुपयांवर थांबलेलं होतं. ६० टक्के वाढीनंतर ते ४८,००० झालं. त्यातला निम्मा भाग वेतनाचा, म्हणजे वर्षाला २४,००० आणि महिन्याला २,००० रुपये. ठाण्यात एवढ्यात खोलीचं भाडंही सुटत नाही. हा अन्याय आहे आणि वेतनश्रेणीची मागणी रास्त आहे, असं मी कुठेही म्हणेन.

प्रशिक्षणाने बदलतं ते एवढं की तुम्हाला दुसऱ्या दारांवर थाप मारता येते. शाळा, महाविद्यालय, न्यायालय, रुग्णालय, कंपनी, महापालिका यांच्या ग्रंथालयांत अर्ज करण्यासाठी लागणारी अट पूर्ण होते. पण वर्ग संपल्यावर पगारवाढ हमखास मिळेल असं कुणी सांगत असेल तर त्यावर विसंबून कर्ज काढू नका.

१३. महाविद्यालयात ग्रंथपाल व्हायचं तर?

एम.लिब.आय.एस्सी. किमान ५५ टक्के गुणांनी आणि त्यानंतर नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा किंवा राज्याची सेट परीक्षा. दोन्हींत ग्रंथालय आणि माहितीशास्त्र हा विषय आहे. राखीव प्रवर्गांना गुणांत सवलत असते. बी.लिब.चा मार्ग प्रश्न ३ मध्ये आहे.

१४. आमचं ड वर्गाचं ग्रंथालय आहे. मी एकटीच. वर्गाला गेले तर दाराला कुलूप लागेल.

तुमची अडचण सर्वांत खरी आहे, कारण प्रशिक्षणाची गरज जिथे सर्वांत जास्त तिथेच माणूस एक असतो. यातून तीन वाटा निघालेल्या पाहिल्या आहेत. पहिली, साप्ताहिक सुट्टी वर्गाच्या दिवशी घ्यायची आणि ग्रंथालय दुसऱ्या दिवशी उघडं ठेवायचं. त्यासाठी फलकावर आधी सूचना लावा आणि बदल इतिवृत्तात घ्या, म्हणजे अचानक तपासणी झाली तरी उत्तर तयार असतं. दुसरी, कार्यकारिणीतल्या सदस्यांनी पाळीपाळीने दोन तास बसायचं. हे झालं की त्यांना देवघेवीचं काम कळतं आणि पुढच्या बैठकीत सेवकाचा प्रश्न ते वेगळ्या नजरेने पाहतात. तिसरी, जवळच्या दोन ग्रंथालयांनी करार करायचा : या वेळी एकीने शिकायचं आणि दुसरीने सांभाळायचं, पुढच्या वेळी उलट. कळवा-मुंब्रा, कोपरखैरणे-घणसोली अशा जोड्या अंतराने सहज जमतात.

१५. माझं वय बावन्न. आता शिकून काय करू?

वयामुळे नवी सरकारी नोकरी बहुधा मिळणार नाही. पण तुमच्याकडे जे आहे ते नव्या पदवीधराकडे नाही. कोणता वाचक काय वाचतो, कोणतं पुस्तक कुठल्या देणगीतून आलं, कोणत्या नियतकालिकाचे कोणते अंक गायब आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे. ती माहिती नोंदीत उतरवण्यापुरतं वर्गीकरण आणि टंकलेखन शिका. प्रश्न ९ मधली पहिली दोन कामं तुमच्यासाठीच आहेत.

१६. पाहून शिकण्यासाठी जवळपास कुठे जाता येईल?

ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, १८९३ साली स्थापन झालेलं. दुर्मिळ मराठी ग्रंथ कसे जपले जातात आणि त्यांचं डिजिटायझेशन कसं करतात, हे तिथे विचारा. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं आहे. दीडशे वर्षं ओलांडलेली संस्था सभासद कसे टिकवते, हे पाहायला तिथे जावं. ऐरोलीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकातलं ग्रंथालय नव्या पद्धतीच्या मांडणीसाठी पाहा. दादरला १८९८ चं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे.

फोर्टमधल्या नगर भवनात एकदा तरी जाच. एशियाटिक सोसायटी तिथे आहे. राज्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचंही महत्त्व समजून घ्या. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्याखाली प्रकाशकांनी ज्या चार ग्रंथालयांना प्रत द्यायची असते, त्यात मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचा समावेश आहे.

जाताना आधी पत्र द्या आणि प्रश्न लिहून न्या. नुसतं ‘ग्रंथालय पाहायला आलो’ म्हटलं की माणसं इमारत दाखवतात. ‘तुम्ही हरवलेल्या पुस्तकाची नोंद कशी करता?’ असं विचारलं की दाखल नोंदवही उघडतात.

१७. अंध वाचक आले तर आम्ही काय करायचं, याचं प्रशिक्षण मिळतं का?

स्वतंत्र वर्ग क्वचित निघतात, पण काही गोष्टी लगेच शिकता येतात. सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तकं आहेत. सभासदत्व कसं घ्यायचं ते तुम्ही आधी शिका, मग वाचकाला नोंदणीला मदत करा. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक उपलब्ध करून देण्याला सूट आहे. ही सूट त्या वाचकांपुरतीच आहे, सर्वांना स्कॅन वाटण्यासाठी नाही. मोबाइलवरचा स्क्रीन वाचक चालू करून स्वतः अर्धा तास वापरून पाहा. अडचण कुठे येते ते लगेच कळतं.

१८. पुरस्कारासाठी सेवक स्वतः अर्ज करू शकतो का?

राज्य शासनाचा डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या नावाचा ग्रंथमित्र पुरस्कार कार्यकर्ता आणि सेवक अशा दोन्ही गटांत दिला जातो, राज्य पातळीवर आणि विभाग पातळीवर. ग्रंथालयांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्कृष्ट सार्वजनिक ग्रंथालय पुरस्कार आहे. अर्ज विहित नमुन्यात, जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयातून मागवले जातात. अर्जाला लागणारे पुरावे आयत्या वेळी गोळा होत नाहीत. प्रत्येक प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, प्रत्येक कार्यक्रमाचा तारखेसह फोटो, कात्रण आणि उपस्थितीची वही एका फायलीत ठेवत जा.

१९. कार्यक्रमांच्या तारखा एका जागी सांगाल का?

१ ते १५ जानेवारी २०२५ या काळात राज्यात ‘वाचन संकल्प महाराष्ट्राचा’ हा उपक्रम झाला. त्याच सुमाराची सूचना पुढच्या वर्षांतही पाहत राहा. १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिल जागतिक पुस्तक दिन, १२ ऑगस्ट ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन, १४ ते २० नोव्हेंबर ग्रंथालय सप्ताह. जिल्हा ग्रंथोत्सवाची तारीख दरवर्षी वेगळी ठरते. तिथल्या परिसंवादाला सेवकांनी बसावं. स्टॉलवरची पुस्तकं कार्यकारिणीबरोबर नंतर पाहता येतात, पण वक्त्यांना आणि अधिकाऱ्यांना समोरासमोर प्रश्न विचारायची संधी तेवढ्या दोन दिवसांतच मिळते.

२०. ‘सात दिवसांत ग्रंथपाल डिप्लोमा’ अशी जाहिरात पाहिली. घ्यावा का?

नाही. पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न लेखी विचारा : परीक्षा कोण घेतं, मान्यता कुणाची आहे, आणि मान्यतेच्या पत्राचा क्रमांक काय. उत्तरात नुसतं ‘शासनमान्य’ एवढंच आलं तर विषय संपला. आधीच पैसे भरले असतील तर पावती, जाहिरातीचा फोटो आणि संदेश जपून ठेवा, रक्कम लेखी परत मागा आणि दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तिथे मराठीतही बोलता येतं.